आठव्या दिवशीही साथ देणारी फ्रेम: लांब पल्ल्याच्या एमटीबी शर्यतीसाठी हलकी फुल सस्पेंशन फ्रेम निवडताना

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात २००४ पासून भरणारी केप एपिक ही माउंटन बाइकची (एमटीबी) शर्यत आठ दिवस चालते. पहिल्या दिवशी प्रोलॉगची छोटी फेरी आणि पुढे सात दिवसांचे सात टप्पे असतात; एकूण अंतर साधारण ६०० ते ७०० किलोमीटर भरते आणि चढाई सगळी मिळून १५,००० मीटरच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही जास्त. स्पर्धक दोघादोघांच्या संघाने उतरतात आणि जोडीदारांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडू द्यायचे नाही असा नियम आहे, त्यामुळे एकाची सायकल मोडली की थांबावे दोघांना लागते. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी फ्रेम कशी निवडावी, हे या शर्यतीच्या निमित्ताने नीट समजते, म्हणून पुढचे विवेचन मी तिलाच डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. हिमाचलातल्या किंवा आल्प्समधल्या टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींची तयारी करणाऱ्यांनाही ते थोड्या फरकाने लागू पडेल.

मुळात फुल सस्पेंशन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी व्यवस्था, हवेच का, हा प्रश्न आता जवळजवळ निकालात निघाला आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव्ह कुलहावी फुल सस्पेंशन सायकलवर पहिला आला, तेव्हा त्याच्यामागे दुसरा आलेला निनो शूर्टर हार्डटेलवर, म्हणजे फक्त पुढे सस्पेंशन असलेल्या सायकलवर, होता. चार वर्षांनी रिओमध्ये शूर्टरने सुवर्णपदक घेतले ते फुल सस्पेंशनवरच. ऑलिंपिकची क्रॉसकंट्री शर्यत दीड तासाच्या आसपास संपते. जिथे रोज चार ते सात तास खोगिरावर काढायचे आहेत, तिथे मागच्या शॉकचे (धक्के शोषणाऱ्या नळकांड्याचे) महत्त्व वेगापेक्षाही शरीर शाबूत ठेवण्यात आहे. खडबडीत सपाट वाटेवर हार्डटेलस्वाराला वारंवार उठून पेडल मारावे लागतात, तर फुल सस्पेंशनवरचा स्वार बसल्या जागी तेच अंतर कापतो, आणि पाचव्या दिवशी कंबरेला हा फरक फार स्पष्ट कळतो. कोलोरॅडोतल्या लेडव्हिल १०० सारख्या शर्यतीचा मार्ग तुलनेने सोपा आणि रुंद आहे, तिथे हार्डटेल आजही शहाणपणाची ठरू शकते. वेस्टर्न केपच्या दगडगोट्यांत मात्र तिचा आग्रह धरू नये.

वजन विचारा, पण काय तोलले तेही विचारा

फ्रेम घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न वजनाचा विचारतो आणि तिथेच फसतो. कंपनीने छापलेला आकडा बहुतेक वेळा मध्यम मापाच्या, सर्वांत महागड्या कार्बनच्या आणि कमीत कमी रंग असलेल्या फ्रेमचा असतो. त्यात शॉक धरला आहे की नाही, हे पाहावे, कारण हवेवर चालणारा हलका शॉकच २५० ते ३५० ग्रॅम भरतो. मागचा अॅक्सल, सीट क्लॅम्प, डिरेलर हँगर (गिअर बदलणारे यंत्र टांगण्याचा तुकडा), पिव्हटचे (फिरत्या सांध्यांचे) बोल्ट, डाउन ट्यूबचे (खालच्या तिरप्या नळीचे) रबरी कवच आणि लॉकआउटची (शॉक ताठ करण्याची) केबल या किरकोळ वाटणाऱ्या वस्तू मिळून आणखी दीडदोनशे ग्रॅम सहज होतात. चकचकीत दोनरंगी रंगाचा थर मॅट रंगापेक्षा जड असतो, आणि त्याच नावाची, पण एक पायरी स्वस्त कार्बनची फ्रेम दोनशे-तीनशे ग्रॅमनी जड निघू शकते. म्हणून दोन फ्रेमची तुलना करताना आपल्या मापाची फ्रेम, शॉक, अॅक्सल, क्लॅम्प आणि हँगर यांसह काट्याला लावून पाहावी. या रीतीने तोललेली शर्यतीची कार्बन फ्रेम साधारण १.८ ते २.४ किलो भरते, आणि चांगली अॅल्युमिनियम फ्रेम तीन किलोच्या अलीकडे-पलीकडे येते.

आता या ग्रॅमांची खरी किंमत काढून पाहू. स्वार ६५ किलो, सायकल ११ किलो, आणि पाणी, कपडे, अवजारे मिळून ४ किलो, असे एकूण ८० किलो धरले तर ३०० ग्रॅम म्हणजे एकूण वजनाच्या चार-दशांश टक्क्याहूनही कमी. तासभराच्या उभ्या चढावर एवढ्या बचतीने बारा-तेरा सेकंद वाचतात. साधारण स्वार तासाला ७०० मीटर चढतो असे मानले, तर १५,००० मीटरच्या चढाईला एकवीस-बावीस तास लागतात, म्हणजे आठ दिवसांत सगळी मिळून साडेचार मिनिटांची कमाई होते. एक कापलेला टायर, एक तुटलेला हँगर किंवा एक सैल झालेला पिव्हट बोल्ट एवढी मिनिटे एका झटक्यात गिळून टाकतो. व्यासपीठासाठी लढणाऱ्यांना साडेचार मिनिटे निश्चितच मोठी आहेत, परंतु त्यांच्यामागे रात्रभर राबणारा मेकॅनिकही असतो. मधल्या फळीतल्या स्वाराने ३०० ग्रॅमसाठी दुपटीने पैसे मोजणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ वजन गौण आहे असा नाही. दोन फ्रेम बाकी सर्व बाबतींत सारख्या असतील तर हलकीच घ्यावी. परंतु वजन ही चाळणी सर्वांत शेवटी लावायची असते, आणि तिच्या आधी लावायच्या चाळण्या पुढे दिल्या आहेत.

ट्रॅव्हल आणि भूमिती

काही वर्षांपूर्वीपर्यंत मॅरेथॉन फ्रेम म्हणजे पुढे-मागे १०० मिलिमीटर ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याचे अंतर) हे समीकरण पक्के होते. आता पुढे १२० आणि मागे ११० ते १२० मिलिमीटर हा प्रघात पडला आहे. या वाढीव ट्रॅव्हलमुळे शे-दोनशे ग्रॅमच वाढतात, पण थकलेल्या हातांनी उतार उतरताना मिळणारी सवलत मोठी असते. त्याच काळात हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन) ६९-७० अंशांवरून ६६.५ ते ६८ अंशांपर्यंत झुकला. पुढचे चाक आणखी पुढे गेल्यामुळे उतारावर सायकल गडबडत नाही, आणि चढावर ती भरकटू नये म्हणून सीट अँगल (खोगिराखालच्या नळीचा कोन) ७५-७६ अंशांपर्यंत उभा करण्यात आला. हे दोन बदल एकमेकांची बाजू सांभाळतात. झुकता हेड अँगल आणि जुना मागे कललेला सीट अँगल असलेली फ्रेम आढळली तर तीव्र चढावर तिचे पुढचे चाक उचलले जाण्याची शक्यता ध्यानात ठेवावी.

मापाबाबत आपल्याकडच्या स्वारांनी विशेष काळजी घ्यावी. १६५ सेंटिमीटरच्या आसपास उंची असलेल्या व्यक्तीला लहान मापाची फ्रेम लागते, आणि छायाचित्रांत दिसते ती फ्रेम बहुधा मध्यम किंवा मोठी असते. रीचच्या (फ्रेमच्या पुढच्या लांबीच्या) बरोबरीने स्टॅकही (हँडलच्या बाजूची उंची) पाहावा, कारण शर्यतीच्या फ्रेमचा हेड ट्यूब आखूड ठेवून हँडल खाली आणलेले असते. दीड तास तसे वाकून बसता येते, सहा तास बसता येईल की नाही याचे उत्तर प्रत्येकाची पाठच देते. बॉटम ब्रॅकेटची (पेडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाच्या घराची) उंचीही विसरू नये. १२० मिलिमीटरच्या फ्रेमवर २५ टक्के सॅग (स्वार बसताच सस्पेंशन दबण्याचे प्रमाण) ठेवला की मागची बाजू ३० मिलिमीटर खाली बसते, आणि दगडाळ चढावर पेडल आपटू लागतात. अशा वेळी १७५ मिलिमीटरऐवजी १७० किंवा १६५ मिलिमीटरचे क्रँक (पेडलचे दांडे) लावणे हा सोपा आणि फ्रेमला धक्का न लावणारा उपाय आहे.

मागच्या त्रिकोणाची रचना

मागचे चाक कोणत्या वाटेने वर जाते आणि ते किती सांध्यांवर फिरते, यावर फ्रेमचे वजन, देखभाल आणि पेडलिंगचा स्वभाव ठरतो. ढोबळमानाने तीन घराणी आहेत. पहिल्यात एक मुख्य पिव्हट, शॉकला दाबणारा एक रॉकर आणि सीटस्टेमध्ये (खोगिराच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीत) सांध्याऐवजी लवचिक कार्बन असतो. दुसऱ्यात चेनस्टेवर (चेनच्या बाजूने मागे जाणाऱ्या खालच्या नळीवर) चाकाच्या अॅक्सलपाशी जादा पिव्हट असतो, ज्याला स्वार हॉर्स्ट लिंक म्हणतात. तिसऱ्यात मागचा अखंड त्रिकोण दोन आखूड लिंकवर झुलतो.

हलक्या फ्रेममध्ये पहिल्या घराण्याने बाजी मारली आहे आणि त्याचे कारण सरळ आहे. १००-१२० मिलिमीटरच्या ट्रॅव्हलमध्ये सीटस्टेमधल्या सांध्याला काही अंशांपुरतेच फिरावे लागते. तेवढ्यासाठी दोन बेअरिंग, बोल्ट, वॉशर आणि त्यांना धरणारे जाड कार्बन वागवण्यापेक्षा कार्बनचा पातळ पट्टाच वाकू दिला तर वजन घटते, सांधा सैल होण्याचा प्रश्न मिटतो आणि चिखल शिरायला एक जागा कमी होते. कॅननडेलच्या स्कॅल्पेलने या शतकाच्या सुरुवातीलाच वाकणाऱ्या चेनस्टेचा प्रयोग केला होता, तेव्हा लोकांनी नाके मुरडली होती. पुढे हीच कल्पना सीटस्टेमध्ये रुळली. कार्बनचे धागे योग्य दिशेने मांडले तर ते असंख्य वेळा वाकूनही थकत नाहीत. अॅल्युमिनियमला हे सतत वाकणे तितकेसे मानवत नाही. एक बारकावा असा की वाकलेला सीटस्टे स्वतःही स्प्रिंगसारखा वागतो, म्हणून अशा फ्रेमच्या शॉकचे आतले ट्यूनिंग त्या फ्रेमसाठीच केलेले असते आणि दुकानातला त्याच मापाचा दुसरा शॉक बसवल्यास वागणूक बदलते.

पेडलिंगच्या संदर्भात अँटी-स्क्वॉट हा शब्द कानावर येईल. पेडलवर जोर दिला की वजन मागे सरकते आणि शॉक दबू पाहतो. चेनच्या ताणाने तो दबाव किती रोखला जातो, याचे ते टक्केवारीतले माप आहे. सॅगच्या जागी आणि चढाच्या गिअरमध्ये ते १०० टक्क्यांच्या जवळपास असावे. त्याहून खूप जास्त असेल तर चढावर सायकल ताठ वाटते, पण खडकांवर चाक वर जाताना चेन ताणली जाऊन पेडलला मागे हिसका बसतो, आणि लांब दिवशी हे हिसके पायांना थकवतात. चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चक्राचे) माप बदलले की हा आकडाही बदलतो. कंपनीने ३४ किंवा ३६ दातांसाठी आखलेल्या फ्रेमवर आपण ३० दातांची चेनरिंग लावणार असू, आणि १५,००० मीटर चढणाऱ्या सामान्य स्वाराने तीच लावावी, तर चाचणीही त्याच चेनरिंगने घ्यावी.

शॉक आणि लॉकआउट

मागचा ट्रॅव्हल आणि शॉकचा स्ट्रोक (तो दबू शकतो ते अंतर) यांचा भागाकार म्हणजे सरासरी लीव्हरेज. १२० मिलिमीटर ट्रॅव्हलला ४५ मिलिमीटरचा स्ट्रोक असेल तर ते २.६७ येते. हा आकडा जितका मोठा, तितकी शॉकमध्ये जास्त हवा भरावी लागते आणि सीलवर ताण येतो, म्हणून वजनदार स्वाराने २.५ च्या आसपासची फ्रेम शोधावी. अतिशय हलक्या स्वाराची अडचण उलटी असते. ५०-५२ किलोच्या स्वाराला कमी हवा पुरते, पण मग शॉक परत उसळण्याचा वेग पूर्ण मोकळा करूनही मंद वाटतो आणि सलग येणाऱ्या दगडांवर तो खालीच बसून राहतो. अशा वेळी शॉक उघडून आतले डॅम्पिंग (उसळी आवरणारा प्रतिकार) हलके करून घ्यावे लागते, आणि आपल्या गावात ते करणारा जाणकार कोण आहे याची चौकशी फ्रेम घेण्याआधीच केलेली बरी.

बसवण्याच्या पद्धतीतही पाहण्यासारखे आहे. १९० x ४५ किंवा २१० x ५० अशा प्रचलित मापांचा, दोन्ही टोकांना डोळा असलेला शॉक जगात कुठेही मिळतो. फ्रेमच्या पोटात दडवलेला किंवा फ्रेमचाच भाग बनवलेला शॉक दिसायला देखणा आणि धुळीपासून सुरक्षित असतो. स्कॉटने २०२२ च्या स्पार्कमध्ये शॉक फ्रेमच्या आत नेला, आणि ट्रेकच्या सुपरकॅलिबरमध्ये तो टॉप ट्यूबला जोडूनच येतो. परंतु बिघाड झाल्यावर शेजारच्या तंबूतल्या स्वाराकडून उसना शॉक घेऊन दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर उभे राहण्याची सोय यांपैकी काही रचनांत उरत नाही. मी स्वतः या बाबतीत जुन्या वळणाचा आहे.

चढावर शॉक ताठ करण्याचे तीन मार्ग प्रचलित आहेत. हँडलवरच्या लिव्हरने केबल ओढून शॉक आणि फोर्क (पुढचे सस्पेंशन) दोन्ही एकदम बंद करणे हा सर्वांत साधा मार्ग. स्पेशलाइज्डने दोन दशकांपूर्वी एपिक या मॉडेलमध्ये आणलेला ब्रेन व्हॉल्व्ह जमिनीकडून धक्का आला तरच उघडत असे, त्यामुळे स्वाराला काही करावेच लागत नसे. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक व्यवस्था सेन्सरच्या आधारे क्षणाक्षणाला निर्णय घेतात. त्या उत्तम चालतात यात शंका नाही, परंतु आठ दिवस तंबूंच्या वसाहतीत राहून बॅटऱ्या भरण्याची शिस्त पाळावी लागते. केबलचा लॉकआउट तुटला तर शॉक कोणत्या अवस्थेत अडकतो, हे मात्र आधीच तपासावे. काही व्यवस्थांमध्ये केबल गेल्यावर शॉक मोकळा राहतो, काहींमध्ये तो बंद होतो, आणि बंद शॉकवर ऐंशी किलोमीटर खडक म्हणजे शिक्षाच आहे.

पाणी

केप एपिकचा काळ साधारणपणे मार्च महिन्यातला, म्हणजे तिथल्या उन्हाळ्याचा उत्तरार्ध. फ्रेमच्या मुख्य त्रिकोणात दोन बाटल्या बसतात का, हा प्रश्न त्यामुळे मी वजनाच्या कितीतरी वर ठेवतो. पाठीवरच्या पिशवीतले पाणी खांद्यांवर येते, पाठ तापते आणि उतारावर गुरुत्वमध्य उंचावतो. शॉक टॉप ट्यूबखाली आडवा असेल तर डाउन ट्यूब आणि सीट ट्यूब दोन्ही मोकळ्या मिळतात. शॉक उभा असेल तर बहुधा एकच बाटली राहते. यातली मेख अशी की मध्यम मापात दोन बाटल्या बसणाऱ्या काही फ्रेमच्या लहान मापात एकच बसते, किंवा दुसरी बाटली अर्ध्या लिटरचीच लागते. माहितीपत्रकावर विसंबू नये. आपल्या मापाच्या फ्रेमवर, आपल्या बाटल्या लावून, शॉकमधली सगळी हवा सोडून मागचे चाक पूर्ण वर दाबून पाहावे. शॉक किंवा रॉकर बाटलीला घासत असेल तर ते तिथेच कळते.

दुरुस्तीला सोपी फ्रेम

इथे जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण विक्रेते याविषयी बोलत नाहीत आणि शर्यतीत रडवणारी गोष्ट नेमकी हीच असते.

बॉटम ब्रॅकेट थ्रेडेड (आट्यांनी बसणारा) असावा. प्रेसफिटच्या (दाबून बसवलेल्याच्या) तुलनेत तो काही ग्रॅम जड पडतो, पण झिजल्यावर एका पान्याने काढता येतो आणि नवा हाताने बसवता येतो. प्रेसफिटचे बेअरिंग ठोकून काढताना कार्बनच्या कवचाला इजा होण्याची धास्ती असते, आणि फ्रेमचे छिद्र किंचित जरी वेडेवाकडे असले तरी कुरकुर सुरू होते, जी आठ दिवस ऐकणे जोडीदाराच्याही सहनशक्तीबाहेरचे असते.

डिरेलर हँगर सर्वत्र मिळणारा असावा. एसरॅम या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये यूडीएच हा सामाईक हँगर आणला, त्यापूर्वी प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असे आणि तो तुटला तर मूळ कंपनीकडून मागवण्यावाचून गत्यंतर नसे. आज नवी फ्रेम यूडीएचशिवाय घेण्याचे काहीच कारण नाही. जोडीदारांनी दोघांच्या फ्रेमचा हँगर, शक्य तर चेन आणि टायरचे मापही एकच ठेवावे, म्हणजे एकच सुटा भाग दोघांच्या उपयोगी पडतो. संघाच्या शर्यतीतली ही साधी युक्ती फार थोडे लोक वापरतात.

केबल आणि ब्रेकची नळी फ्रेममध्ये कुठून शिरते, हे नीट पाहावे. हल्ली त्या हेडसेटच्या वरच्या बेअरिंगमधून आत नेण्याची फॅशन आहे. हँडलसमोरचा पसारा त्यामुळे नाहीसा होतो, परंतु घाम, धूळ आणि पाणी यांनी ते वरचे बेअरिंग खराब झाले की ते बदलण्यासाठी मागच्या ब्रेकची नळी सोडवून पुन्हा जोडावी लागते आणि ब्रेक ब्लीड करावा (त्याच्या तेलातली हवा काढून टाकावी) लागतो. वीस मिनिटांचे काम दीड तासाचे होते. हेड ट्यूबच्या बाजूच्या छिद्रातून नळी आत नेणारी आणि आतून मार्गदर्शक नलिका दिलेली फ्रेम मिळाली तर तिला प्राधान्य द्यावे.

पिव्हटची बेअरिंगे प्रचलित क्रमांकांची आहेत ना, हे मॅन्युअलमध्ये पाहावे. ६९०२, ६८०२ अशा क्रमांकांची बेअरिंगे, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली, औद्योगिक बेअरिंगच्या दुकानातही मिळतात. त्यांची संख्या जितकी कमी, तितकी शर्यतीनंतरची डोकेदुखी कमी. पिव्हटचे बोल्ट एकाच बाजूने, नेहमीच्या अॅलन कीने, क्रँक न काढता घट्ट करता येत असतील तर सोन्याहून पिवळे.

मागच्या चाकाभोवतीची मोकळी जागाही याच सदरात मोडते. कागदावर २.४ इंची टायर बसतो एवढे पुरेसे नाही. टायर आणि चेनस्टे यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना किमान सहा मिलिमीटर फट हवी. ज्यांचा सराव दख्खनच्या काळ्या मातीत होतो त्यांना हे सांगायला नको. पावसाळ्यात ती माती टायरला अशी काही लिंपते की चाक फिरायचेच थांबते, आणि तिच्यातले बारीक खडे फिरत्या चाकाबरोबर चेनस्टेचे कार्बन कानशीसारखे घासत राहतात. खरे तर महागडी शर्यतीची फ्रेम जून ते सप्टेंबर बाहेर काढूच नये. त्या दिवसांचा सराव जुन्या अॅल्युमिनियम सायकलवर करावा आणि नवी फ्रेम दिवाळीनंतर वापरात आणावी. मार्चमधल्या शर्यतीसाठी चार महिन्यांची ओळख पुरेशी होते.

कार्बन की अॅल्युमिनियम

कार्बनच्या महागड्या प्रतीत जास्त ताठ, उच्च मॉड्युलसचे धागे वापरून भिंती पातळ केलेल्या असतात. त्यामुळे वजन घटते, पण टोकदार दगडाचा आघात सोसण्याची ताकदही काहीशी कमी होते. वेस्टर्न केपच्या वाटांवर पुढच्या चाकाने उडवलेले दगड डाउन ट्यूबच्या पोटावर सतत आदळतात, म्हणून तिथे कवच असलेली फ्रेम घ्यावी, नसल्यास शंभर-एक ग्रॅम खर्चून जाड संरक्षक फिल्म लावून घ्यावी. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतीचे कार्बन मला अधिक समंजस पर्याय वाटतो. पैसे मर्यादित असतील तर अॅल्युमिनियम फ्रेम घेऊन उरलेली रक्कम चाके, टायर आणि चांगल्या शॉकवर लावावी. आठ दिवस पुरे करण्याच्या दृष्टीने त्यात काहीही कमीपणा नाही.

फ्रेम कोणत्या वापरासाठी प्रमाणित आहे हे मॅन्युअलमध्ये लिहिलेले असते. एएसटीएम या मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या वर्गवारीतला तिसरा वर्ग हा क्रॉसकंट्री आणि मॅरेथॉनचा असून त्यात ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या गृहीत धरलेल्या असतात. त्यासोबत स्वाराच्या वजनाची मर्यादाही दिलेली असते, आणि तिच्यात सायकल व सामान धरले आहे की नाही, हे वाचून घ्यावे.

हाती घेऊन तपासताना

नवी असो वा जुनी, फ्रेम घेण्यापूर्वी शॉकचा एक बोल्ट काढून मागचा त्रिकोण हाताने वरखाली करून पाहावा. हालचाल लोण्यासारखी हवी. कुठे खरखर किंवा अडखळ जाणवली तर बेअरिंग गेलेले आहे, किंवा मागचा त्रिकोण सरळ बसलेला नाही. लवचिक सीटस्टे असलेल्या फ्रेममध्ये थोडा प्रतिकार जाणवणे स्वाभाविक आहे, तो दोष समजू नये. शॉकचा बोल्ट परत घालताना तो बोटाने सरकला पाहिजे. ठोकून घालावा लागत असेल तर फ्रेमची जुळणी चुकली आहे आणि शॉकवर कायम आडवा ताण येणार आहे. चाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवावे आणि कोणता सांधा हलतो ते बोट ठेवून शोधावे.

जुन्या कार्बन फ्रेमवर चार जागा विशेष पाहाव्यात: बॉटम ब्रॅकेटच्या खालचा भाग, चेनरिंगजवळचा चेनस्टे, शॉक बसतो तो सांधा आणि हेड ट्यूबमागची डाउन ट्यूब. रंगावरचा ओरखडा आणि कार्बनची चीर यांतला फरक नाण्याने हलकेच वाजवून बराचसा कळतो, कारण आतून सुटलेला थर बद आवाज देतो. शंका आली तर तो सौदा सोडून द्यावा.

दुकानासमोरच्या रस्त्यावर पाच मिनिटे फिरवून काहीही समजत नाही. शॉकमध्ये हवा भरून सॅग २० ते २५ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा, म्हणजे ४५ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर ९ ते ११ मिलिमीटर, आणि भरलेल्या बाटल्या लावून किमान तीन तास, त्यातही एक लांब चढ आणि एक दगडाळ उतार येईल अशा वाटेवर सायकल चालवावी. शॉकवरची रबरी ओ-रिंग शेवटी कुठे येऊन थांबली, हे पाहावे. पूर्ण ट्रॅव्हल एकदाही वापरला गेला नसेल तर हवा जास्त आहे. प्रत्येक खड्ड्यात तो संपत असेल तर हवा कमी आहे, किंवा शॉकमध्ये एक स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) वाढवण्याची गरज आहे.

शर्यतीला निघण्यापूर्वी

केप एपिकसाठी मधल्या फळीतल्या संघाला चाळीसएक तास लागतात, आणि शॉकच्या एअर कॅनची (हवेच्या कप्प्याची) सर्व्हिस काही कंपन्या ५० तासांनी करायला सांगतात. त्यामुळे शॉक आणि फोर्क निघण्यापूर्वी तीन आठवडे सर्व्हिस करून घ्यावेत आणि त्यानंतर निदान दोन लांब फेऱ्या माराव्यात, म्हणजे बसवण्यात राहिलेली चूक घरीच उघडकीला येते. पिव्हटचे सर्व बोल्ट काढून, पुसून, थ्रेडलॉकरचा (आटे सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून टॉर्क रेंचने कंपनीने दिलेल्या मापाला आवळावेत. बोल्ट आवळल्यानंतर प्रत्येकावर रंगीत पेनाने फ्रेमपर्यंत एक रेघ ओढावी; संध्याकाळी तंबूत सायकल पाहताना रेघ तुटलेली दिसली की कोणता बोल्ट फिरला हे विजेरीच्या उजेडातही कळते.

सायकल धुण्याची सोय शर्यतीच्या तळावर असते, पण जोराच्या पाण्याचा झोत थेट पिव्हटवर मारू देऊ नये. सोबत दोन हँगर, मुख्य पिव्हटची एक बेअरिंग जोडी, शॉकचा एक बोल्ट, लॉकआउटची केबल, शॉक पंप आणि छोटा टॉर्क रेंच बांधून घ्यावा. शॉक आणि फोर्कमधल्या हवेचा दाब, रिबाउंडच्या (परत उसळण्याच्या) टिचक्यांची संख्या, खोगिराची उंची आणि पिव्हटचे टॉर्क एका कागदावर लिहून तो टॉप ट्यूबच्या खालच्या बाजूला पारदर्शक टेपने चिकटवावा, आणि त्याची एक प्रत जोडीदाराच्या फ्रेमवरही लावून ठेवावी.